डाळ आधी विका, मिल नंतर घ्या

पत्र: मी निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४, शिक्षण बारावी. घरी चार एकर कोरडवाहू जमीन, त्यात तूर आणि सोयाबीन. माझे मालक दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. मी आठ वर्षांपासून बचत गटात आहे, जवळ दीड लाख रुपये साठलेत. मला मिनी दाल मिल टाकायची आहे. ओळखीतले एकजण म्हणतात, नऊ लाखांचा प्रकल्प बसवून देतो, ३५ टक्के सबसिडी मिळेल. फाईलचे पंचवीस हजार मात्र ते आधी मागतात. कमी पडले तर सोनं मोडावं असं माझ्या मनात आहे, सासूबाईंचा त्याला ठाम विरोध आहे. दीर म्हणतात, लातूरला एवढ्या मोठ्या मिला असताना तुझी डाळ कोण घेणार? घरात रोज हाच विषय चालू आहे. मी काय करू?

ताई,

आधी त्या पंचवीस हजारांचं बोलू. ते देऊ नका, निम्मेही देऊ नका. ३५ टक्के अनुदान देणाऱ्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला फी नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर होते, तीही फुकट. लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात कागदं घेऊन गेलात तर अर्ज कसा भरायचा ते तिथं सांगतात. केंद्राची दुसरी एक योजना आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना. तिच्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करून देण्यापासून बँकेत पाठपुरावा करण्यापर्यंत मदत करणं हेच त्यांचं काम, आणि त्याचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात त्यांचा फोन नंबर मिळेल. दोन्ही योजनांची मुदत आणि निधी सध्या चालू आहे का, हेही तिथंच विचारून घ्या.

मी बँकेच्या कर्जविभागात होतो तेव्हा अशा तयार फायली खूप पाहिल्या. गावाचं आणि अर्जदाराचं नाव तेवढं बदललेलं, बाकी अहवाल तोच. त्यात मिल वर्षाचे ३०० दिवस चालते, सगळा माल रोखीनं विकला जातो आणि पहिल्या महिन्यापासून नफा होतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असताना भिजवलेली तूर वाळवायची कुठं, याबद्दल त्या अहवालात एक ओळ नसते. फाईल करून देणाऱ्याचं काम कर्ज मंजूर झालं की संपतं. हप्ते तुमच्या नावावर राहतात.

सोन्याबद्दल सासूबाईंचं ऐका. लहान उद्योगाच्या, तुमच्या प्रकल्पाएवढ्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जासाठी सोनं ठेवावं लागत नाही, आणि धंद्याच्या पहिल्या वर्षी ते मोडावं असं तर मी कुणालाच सांगणार नाही. पाऊस दगा देतो, घरात दुखणं येतं, तेव्हा हाताशी काहीतरी लागतं. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. मिल टाकावी का? माझं उत्तर असं आहे की टाकावी, पण या वर्षी नाही. आधी दुसऱ्याच्या मिलमध्ये डाळ करून घ्या, ती विकून बघा, आणि मग ठरवा. हे ऐकून तुम्हाला धीर वाटणार नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

तुम्ही गावात राहता आणि महिला आहात, म्हणून रोजगार निर्मिती कार्यक्रमात तुम्हाला ३५ टक्के अनुदान, हे त्या माणसानं खरं सांगितलं. स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. नऊ लाखांत तुमचे ४५ हजार, बँकेचे ८ लाख ५५ हजार. अनुदानाचे ३ लाख १५ हजार तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून राहतात, त्या रकमेपुरतं कर्जावर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी मिल चालू आहे हे पाहून ते कर्जात जमा होतात. मध्येच मिल बंद पडली तर अनुदान परत जातं. म्हणजे खरं ओझं ५ लाख ४० हजारांचं. पाच वर्षांची मुदत आणि ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याला सुमारे पावणेबारा हजारांचा हप्ता. बँकेनं पूर्ण रकमेवर हप्ता बांधला तर तो साडेअठरा हजारांच्या पुढे जातो. कोणत्या रकमेवर बांधणार, हे सही करण्याआधी विचारायचंच.

एवढे पैसे डाळीतून निघतात का ते पाहू. आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही मोंढ्यातले, म्हणजे धान्य बाजारातले, त्या आठवड्याचे भाव घालून पुन्हा मांडा. एक क्विंटल तूर घ्या, ८,००० रुपयांची. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव एवढाच होता. तूर घरची असली तरी ८,००० धरायचेच. घरची तूर फुकटची समजून केलेला हिशेब पहिल्या वर्षी फायदा दाखवतो आणि दुसऱ्या वर्षी विकतची तूर घेतली की उघडा पडतो. हमाली आणि वाहतूक १५०. दुसऱ्याच्या मिलवर डाळ करून घेण्याची मजुरी ५००. क्विंटलला ७० किलो डाळ उतरली असं धरू, तर किलोमागे सहा रुपयांनी पाकीट आणि लेबलचे ४२०. माल पोचवायला ३००. झाले ९,३७०.

आता जमा. बिनपॉलिश डाळ थेट घरात १४० रुपये किलोनं दिली तर ९,८००. बारा किलो चुनीचे (डाळीच्या चुऱ्याचे) ३००, बारा किलो टरफलाचे १२०. एकूण १०,२२०. हाती राहिले ८५०.

हीच डाळ ७० ऐवजी ६५ किलो उतरली तर? पाच किलो डाळीचे ७०० गेले, त्यातली चुनी झाली तिचे सव्वाशे आले, पाकिटांचे तीस वाचले. साडेआठशेचे तीनशे राहिले. भाव तोच, गिऱ्हाईक तेच, मेहनत तीच. म्हणून म्हणतो, या धंद्यात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट उतारा आहे, म्हणजे क्विंटलमागे किती डाळ निघते ते; मशीन नंतर.

स्वतःची मिल झाली की मजुरीचे ५०० वाचतील, पण वीज, मदतनीस आणि झीज यात त्यातले अडीचशे जातील. म्हणजे क्विंटलला ११०० सुटतील. पावणेबारा हजारांचा हप्ता भरायला महिन्याला अकरा क्विंटल तूर भरडावी लागेल आणि पावणेआठशे किलो डाळ विकावी लागेल. एक घर महिन्याला तीन-साडेतीन किलो तूरडाळ खातं असं धरलं तर हे सव्वादोनशे-अडीचशे घरांचं काम आहे. दर महिन्याला, न चुकता, रोखीनं. यात तुमच्या घामाचा एक रुपया अजून धरलेला नाही.

आणखी एक आकडा बघा. महिन्याला अकरा म्हणजे वर्षाला १३२ क्विंटल तूर. ८,००० नं तिचे साडेदहा लाख होतात. मिलपेक्षा मिलच्या पोटात घालायची तूर महाग आहे, आणि तुमच्या नऊ लाखांच्या प्रकल्पात बहुतेक सगळे पैसे शेड आणि मशीनवर लागलेले असतील. धंदे मी इथंच अडकलेले पाहिले. मशीन चकाचक, वीजजोड आलेला, आणि माल घ्यायला हातात पैसे नाहीत. मग माणूस खाजगी सावकाराकडे जातो किंवा सोन्याकडे वळतो.

तर या हंगामात असं करा. येळवस (वेळा अमावास्या) होऊन तुरीच्या राशी झाल्या की घरच्या तुरीतले पाच क्विंटल बाजूला काढा. तालुक्यात कुणाकडे ना कुणाकडे मिनी मिल असेलच, तिथं मजुरीनं डाळ करून घ्या. पाचही क्विंटल एकदम देऊ नका, एक-एक करून द्या आणि प्रत्येक वेळी स्वतः तिथं उभ्या राहा. तूर किती दिली, डाळ किती आली, चुनी किती, टरफल किती, हे स्वतः वजन करून वहीत लिहा. चुनी आणि टरफल कुणाचं, हे आधी बोलून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी ते मिलवाला ठेवून घेतो आणि मजुरी कमी लावतो.

तुरीची साल दाण्याला डिंकासारखी चिकटलेली असते, म्हणून सगळ्या कडधान्यांत तुरीची डाळ करणं अवघड. तेल चोळणं, पाण्यात भिजवणं आणि उन्हात वाळवणं हे सगळं ती साल सुटी व्हावी म्हणून. कमी वाळली तर साल सुटत नाही, जास्त कडक झाली तर चुरा होतो. लहान-मोठा दाणा एकत्र टाकला तर मोठा घासून झिजतो आणि लहान सालीसकट बाहेर पडतो, म्हणून भरडण्याआधी चाळून वर्गवारी करायची. आपल्याकडे बदनापूरच्या केंद्रातून आलेली पांढऱ्या दाण्याची बीडीएन ७११ ही तुरीची जात आहे, लाल दाण्याची बीएसएमआर ७३६ आहे. दोन्ही एका पोत्यात मिसळून नेऊ नका. वेगवेगळ्या भरडा आणि उतारा वेगळा लिहा. सासूबाईंनी आयुष्यभर जात्यावर डाळ केली असेल, तर तूर किती भिजली आणि किती वाळली हे त्यांना हाताला कळतं. त्यांना सोबत न्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, अकोल्याच्या विद्यापीठाची मिनी दाल मिल तर विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी चालते. मशीन घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानातल्या मशीनवर विसंबू नका. तेच मशीन दोन-तीन वर्षं चालवत असलेल्या माणसाकडे जा आणि ते किती उतारा देतं ते डोळ्यांनी बघा.

पाच क्विंटलची साडेतीनशे किलो डाळ होईल. ती किराणा दुकानात नेऊ नका. तिथं दुकानदार आपला वाटा मागेल, महिन्याची उधारी मागेल, आणि शेजारी लातूरच्या मिलची चकचकीत पॉलिश केलेली डाळ तुमच्यापेक्षा कमी भावात ठेवलेली असेल. इथं तुमचे दीर बरोबर आहेत. त्या मिला ट्रकनं माल घेतात, रंगानुसार दाणा निवडणारी यंत्रं वापरतात, किलोमागे थोडं सुटलं तरी टनांवर त्यांचं भरून निघतं. त्यांच्या भावात तुम्ही उतरायचंच नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे निलंग्यातले शिक्षक, तहसीलमधले, दवाखान्यातले, बँकेतले लोक, आणि पुण्या-पिंपरीत राहायला गेलेली आपली माणसं, ज्यांना गावाकडची बिनपॉलिश डाळ हवी असते आणि मिळत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी पुण्यात पोचतं. पण बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर आधी पैसे, मग पार्सल.

पहिल्या खेपेला बहीण, मैत्रीण, गटातल्या बाया सगळ्याच घेतील. त्यावरून काही ठरवू नका, ते तुमच्यावरच्या मायेपोटी असतं. न विचारता दुसऱ्यांदा कोण मागतं ते मोजा. पन्नास घरांना दिली आणि महिना-दीड महिन्यात तीस घरांनी पुन्हा मागितली, तर तुमच्या हातात धंदा आहे. दहांनीच मागितली तर का ते विचारा. शिजायला वेळ लागला का, खडा निघाला का, भाव जड वाटला का? हे कळायला तुमच्या दीड लाखातले पाच-दहा हजार लागतील, जास्त नाही.

या चाचणीसाठीही अन्न नोंदणी लागते. फूड सेफ्टीच्या पोर्टलवर लहान व्यवसायाची साधी नोंदणी होते, फी किरकोळ आहे, ती आधी करून घ्या. बचत गटात असल्याचा एक फायदाही विचारून पाहा. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय आहे. ते गटामार्फत आणि परतफेडीच्या बोलीवर मिळतं. बचत गटांचं काम पाहणाऱ्या उमेदच्या तालुका कार्यालयात त्याची चौकशी करा. या टप्प्यावर नऊ लाखांपेक्षा हे ४० हजार तुमच्या जास्त कामाचे आहेत.

दिरांच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विकायच्या डाळीपलीकडे, घरी खायच्या डाळीचं काम बघा. तुमच्या आसपासच्या खेड्यांत तूर पिकवणारं प्रत्येक घर वर्षाच्या वरणासाठी एखादा कट्टा, म्हणजे पोतं, बाजूला ठेवतंच. ती तूर भरडायला ते लोक कुठं जातात, किती लांब, किती मजुरी देतात, किती दिवस थांबतात? आठवडी बाजारात, पिठाच्या गिरणीवर, दूध संकलनावर बसून हे विचारा. दहा किलोमीटरच्या आत दुसरी मिल नसेल तर मजुरीनं डाळ करून देणं हा तुमचा पाया होऊ शकतो. त्यात तूर विकत घ्यायला भांडवल लागत नाही, भाव पडायची भीती नाही आणि पैसे जागेवर मिळतात. एका हंगामात ३०० क्विंटल आली आणि क्विंटलला अडीचशे सुटले तर ७५ हजार. वर्षाचा हप्ता १ लाख ४० हजारांच्या आसपास आहे, त्यातला निम्मा इथं सुटला. त्याच मिलवर मूग आणि उडदाची डाळही होते. ती पिकं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, म्हणजे पाऊस उघडला की पुन्हा काम सुरू. पण ३०० क्विंटल येतील हे मनानं धरू नका. किमान चाळीस-पन्नास घरांना विचारून त्यांचे कट्टे वहीत लिहा.

भावाबद्दल कडक शब्दांत सांगतो. कर्ज काढून तूर भरून ठेवू नका. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. ते पाहून पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० हमीभाव असताना मोंढ्यात तूर त्याच्या खाली विकली गेली. खरेदी केंद्रांपुढच्या पोत्यांच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. शिवाय म्यानमार आणि आफ्रिकेतून तूर येते, तिच्या आयातीचा निर्णय दिल्लीत होतो आणि फटका निलंग्यात बसतो. मोठा व्यापारी असा एक हंगाम पचवतो, तुम्ही पचवू शकणार नाही. महिन्याच्या विक्रीपुरती तूर, फार तर दोन महिन्यांची, एवढीच जवळ ठेवा. साठवलेल्या तुरीला भुंगा लागतो तो वेगळाच.

उधारीचंही तसंच कडक ठेवा. गावात दुकानदारी करणाऱ्या बाईला नाही म्हणणं पुरुषापेक्षा अवघड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. चुलत सासूबाई पाच किलो घेऊन जातात आणि पैशाचं नाव निघालं की माणुसकी निघते. यासाठी सोपा उपाय असा, की धंद्याचं बँक खातं वेगळं काढा आणि त्याचा क्यूआर कोड पाकिटांजवळच लावा. घरच्यांना, नात्यात द्यायचीच असेल तर द्या, पण तेवढे पैसे त्याच दिवशी घरखर्चातून धंद्याच्या खात्यात टाका. वर्षाच्या शेवटी ही माया किती किलोंची झाली ते दिसेल, आणि मालकांनाही दाखवता येईल. तुमची स्वतःची रोजची मजुरीही खर्चात लिहा, शेतात दुसऱ्याकडे गेला असता तर मिळाली असती तेवढी. ती काढून काही उरत असेल तरच तो नफा.

पाकिटावर काय हवं ते थोडक्यात सांगतो. मालाचं नाव, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचं, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न नोंदणी क्रमांक. वजनकाटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्या. प्रमाणपत्र नसताना ‘सेंद्रिय’ छापू नका, तुम्ही खत टाकत नसलात तरी. आणि तुमच्या तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमचं शेत त्या भागात बसत असेल तर नोंदणीची चौकशी जरूर करा, पुण्याच्या गिऱ्हाइकाला त्याचं मोल आहे. तोवर ते नाव पाकिटावर नको.

जीएसटीची भीती बाळगू नका, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, त्यामुळे सध्या तुमचा प्रश्न मिटला. मात्र तुमचा तालुका कर्नाटकच्या सीमेवर आहे. औराद ओलांडून भालकी-बीदरच्या दुकानात हीच पाकिटं दिलीत तर तो परराज्यातला व्यवहार होतो, आणि त्याला उलाढाल कितीही छोटी असली तरी आधी नोंदणी हवी. बीदर जवळ आहे म्हणून सहज माल टाकाल, त्याआधी लेखापालाला विचारा.

चाचणी चालू असतानाच बँकेची तयारी करून ठेवा. तुमच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट काढा. गटातल्या बायांच्या बाबतीत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. मायक्रोफायनान्सचं कर्ज एकीच्या नावावर उचलायचं आणि पैसे दुसरीनं वापरायचे. दुसरीचा हप्ता थकला की रिपोर्ट पहिलीचा बिघडतो, आणि तिला ते मिलचं कर्ज नाकारलं जातं तेव्हा कळतं. असं काही असेल तर आत्ताच निस्तरा. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर तुमच्या नावानं भाडेकरार किंवा संमतीपत्र करून घ्या, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र घ्या. मिल शेतात टाकायचा विचार असेल तर तो सोडा. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तास येते, कधी रात्रीची येते. गावठाणात जागा बघा आणि मशीनचं कोटेशन घेण्याआधी महावितरणच्या कार्यालयात हव्या तेवढ्या भाराचा जोड मिळतो का, कधी मिळतो, खर्च किती, हे विचारा. अनुदानासाठी उद्योजकता प्रशिक्षण लागतंच. ते जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत होतं, राहण्या-जेवणाचीही सोय असते. मोकळ्या महिन्यात ते करून घ्या, पुढं धावपळ होईल.

प्रकल्प अहवाल टाइप कुणीही करो, आकडे तुमचे हवेत. व्यवस्थापक तुम्हाला समोर बसवून विचारतील, तूर कुणाकडून घेणार, उतारा किती धरला, पावसाळ्यात काय करणार? फाईल करणाऱ्याच्या भरवशावर आलेला अर्जदार इथं गप्प होतो. तुमच्यापाशी पाच क्विंटलची वही असेल, पन्नास घरांची यादी असेल, मजुरीच्या कट्ट्यांची नोंद असेल. मी त्या खुर्चीत असतो तर अशी वही पाहून कर्जाला पुढची शिफारस केली असती, आणि बरेच अधिकारी करतील.

राशी झाल्यावर कामाला लागा आणि मे महिन्याच्या अखेरीला मला पुन्हा लिहा. क्विंटलला सरासरी उतारा किती आला, उधारी किती अडकली, किती घरांनी दुसऱ्यांदा डाळ मागितली आणि मजुरीचे किती कट्टे वहीत नोंदले गेले, एवढे चार आकडे पाठवा. त्यावरून नऊ लाखांची मिल हवी, की तीन-चार लाखांत भागतं, हे आपण ठरवू.